जिभेखालची दहा मिनिटं

चेन्नईजवळ गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायचं माझं काम. सांगलीहून इथे येऊन वर्ष झालं असेल, तेव्हा स्कूटरवरून पडले आणि पाठीचं ऑपरेशन झालं. तेव्हा दिलेल्या गोळ्या दुखणं थांबल्यावरही थांबल्या नाहीत. जुनी चिठ्ठी दाखवून आज टी. नगरच्या दुकानातून, उद्या आणखी कुठून तरी, अशा मी त्या दोन वर्षं घेत राहिले. आईला फोनवर सांगायचे, "पाठ बरी आहे." ते खरंच होतं, म्हणून खोटं बोलल्यासारखं वाटायचं नाही.

चेन्नईत नुंगंबाक्कमला मी राहते, तिथल्या घरमालकीणबाई तंजावरकडच्या मराठी. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणते, मीही. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. सुरुवातीला निम्मी मला कळायचीच नाही.

एका रविवारी गोळ्या संपल्या. नाक वाहू लागलं, शिंकांवर शिंका, पोटात कळा. मामी मिरी घातलेलं रसम घेऊन वर माझ्या खोलीत आल्या. "सर्दी जाहली गे तुला," म्हणाल्या. मी हो म्हणणारच होते. पण त्यांनी पदराने माझं कपाळ पुसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामी, ही सर्दी नाही. मला गोळ्यांचं व्यसन लागलंय."

त्या पलंगावर बसल्या. आता खोली सोडायला सांगणार, असं मला वाटलं.

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

"आणि इतके दिवस एकलीच सोसलीस? रसम पी. उद्या डाक्टरकडे जाऊं."

व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात मी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी सोडवायला पुन्हा गोळीच?" डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. नेमून दिलेल्या मापात घेतलंत तर तलफ शमेल, कामावर जाता येईल. कमी करायचं ते सावकाश. घाई कसलीच नाही."

ते औषध जिभेखाली ठेवायचं. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही. म्हणजे चांगली दहा मिनिटं. सुरुवातीला रोज सकाळी दवाखान्यात जावं लागे आणि मामी सोबत येत. माझं तोंड बंद झालं की त्यांचं सुरू. इतकी वर्षं मराठी ऐकणारं कोणी नव्हतं त्यांना, आणि आता समोर मी, उठूनही न जाणारी! सासूबाईंच्या हातचं डांगर, हट्टी म्हैस, नणंदेचं लग्न. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नवरदेव शेजारच्याच मांडवात शिरून बसल्याची गोष्ट काढली. मला हसू आवरेना. गोळी बाहेर पडेल म्हणून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, डोळ्यांतून पाणी. नर्स धावत आली. मामी तिला म्हणाल्या, "काही नाही, बरी होते आहे."

तिसऱ्या महिन्यात मी एकदा जुन्या दुकानात जाऊन गोळ्या घेऊन आलेच. घरी येऊन लाजेने रडले आणि दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. "उद्या सकाळी या, नेहमीच्या वेळी," एवढंच म्हणाल्या. मी गेले.

त्यानंतर आईला सगळं सांगितलं. ती पुढच्याच गाडीने आली आणि महिनाभर राहिली. आता माझा डोस बराच उतरलाय. कारखान्यात माझी पाळी मी नेटाने करते.

दवाखान्यात दर शनिवारी आम्ही बरे होणारे एकत्र बसतो. परवा मी पहिल्यांदाच तमिळमध्ये बोलायला उभी राहिले. सांगायचं होतं, की गोळ्यांच्या काळात मेलेली माझी भूक परत आलीय, सकाळी पोटात कावळे ओरडतात आणि मला त्याचा किती आनंद होतो. शब्द सुचेनात. शेवटी एवढंच म्हणाले, "पसिक्कुदु." मला भूक लागलीय.

मग एका रिक्षावाल्या अण्णांनी पिशवीतून पुडी काढली आणि दोन मेदुवडे माझ्या हातावर ठेवले. सगळे हसत सुटले. मला तसं म्हणायचं नव्हतं, हे समजावायला मी तोंड उघडलं. पण वडा अजून गरम होता. आधी तो खाल्ला.