फक्त माझ्यासाठी डिलीट

मिस्त्रींना एका जागी बसवणं त्यांच्या आईला जमलं नाही, बायकोला जमलं नाही, आणि आता ते काम एका ऑनलाइन वर्गाने अंगावर घेतलं होतं. सगळी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेली. शाफ्टमध्ये चढायला गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा त्यांनी सुपरवायझरच्या सर्टिफिकेटसाठी नाव घातलं. वर्ग संध्याकाळी भरे. मिस्त्री फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवत आणि त्याच्यासमोर येरझाऱ्या घालत. वर्गाला कधी त्यांचा कान दिसे, कधी नुसतं कपाट.

लेकीची शाळाही निम्मीअधिक फोनवरच चाले, आणि तिच्यासाठी घरात कायदे होते. पाठ ताठ, पाय जमिनीला. तास संपला की खिडकीतून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघायचं, म्हणजे डोळ्यांना विसावा. जेवताना फोन नाही. आणि न विचारता कुणाचाही फोटो काढायचा नाही, पुढे तर मुळीच पाठवायचा नाही. हे शेवटचं कलम मिस्त्री आवाज चढवून सांगत.

"तुमच्या फोनला यातलं काहीच लागू नाही वाटतं?" बायको विचारी.

"माझं कामाचं असतं," असं म्हणून मिस्त्री ताटाशेजारी फोन उताणा ठेवत.

त्या संध्याकाळी मॅडम अर्थिंग शिकवत होत्या. वर्गातले सगळ्यात वयस्कर विद्यार्थी शीतगृहात पहाटेची पाळी करून येत. सगळे त्यांना काका म्हणत. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, चष्मा बनियनवर लोंबतोय, अशा थाटात काका गाढ झोपले होते. मिस्त्रींची बोटं वळवळली. त्यांनी स्क्रीनशॉट काढला, खाली लिहिलं, 'पुरवठा खंडित. दुरुस्ती चालू आहे,' आणि मेव्हण्याला पाठवून दिला.

मेव्हण्याला तो गेलाच नाही. वर्गाच्या ग्रुपवर गेला.

 संकटात डोकं शांत ठेवणं हा मिस्त्रींचा धंदाच होता. त्यांनी फोटोवर बोट दाबून धरलं, डिलीट आलं, दोन पर्यायांपैकी जो बोटाखाली आला तो दाबला. तळाशी काहीतरी विचारणारी बारीक पट्टी उमटली. ती वाचायला चष्मा सापडेपर्यंत निघूनही गेली. फोटो गायब. मिस्त्रींनी सुस्कारा सोडला, वर्ग आटोपल्यावर चहा मागितला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच खुर्चीत टेकले.

चहा अर्ध्यावर आला असेल नसेल, ग्रुपवर हसरे चेहरे पडू लागले. आधी एक, मग रांगच. कुणीतरी लिहिलं, 'मिस्त्री, मानलं तुम्हाला!'

"हे हसतायत कशाला?" त्यांनी लेकीपुढे फोन धरला. "मी तर काढून टाकला."

लेकीने फोन चाळला. "बाबा, तुम्ही 'फक्त माझ्यासाठी' दाबलंत. आता तो फोटो फक्त तुम्हाला दिसत नाही. बाकी सगळ्यांना दिसतोय."

"मग परत आण. नीट काढू."

"तो आता तुमच्याकडे येत नाही."

तेवढ्यात राखाडी अक्षरांत एक ओळ उमटली. काकांनी ग्रुप सोडला होता.

मिस्त्रींनी काकांना फोन लावला. रिंग वाजून थांबली. पुन्हा लावला. गॅलरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी. मध्येच एका इमारतीतून फोन आला, कुणी बाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. "ताई, सारखी बटणं दाबू नका. दाबून दाबून सुटका होत नसते. शांत उभ्या राहा, माणूस निघालाय." त्यांनी माणसाला पिटाळलं आणि लगेच काकांचा नंबर दाबला.

"बाईंना काय सांगितलंत, ते ऐकलंत ना?" बायको आतून म्हणाली.

"मॅडम ॲडमिन आहेत," लेक म्हणाली. "त्या सगळ्यांसाठी काढू शकतात. त्यांना सांगा."

"म्हणजे मीच टाकला हे त्यांना कळणार."

"बाबा, वर तुमचं नाव आहे."

मिस्त्री थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "फोन तुझ्या हातात होता असं म्हटलं तर? तू लहान. तुला कोण काय बोलणार?"

 लेक खिडकीशी गेली आणि समोरच्या टाकीकडे बघत उभी राहिली. नियमाप्रमाणे.

मिस्त्रींनी थोडा वेळ तिच्या पाठीकडे पाहिलं आणि मॅडमना फोन लावला. "मॅडम, तो फोटो माझाच. दुसऱ्या कुणाचा हात नाही त्यात."

"काढते," मॅडम म्हणाल्या. "पण ज्यांनी ठेवून घेतलाय त्यांच्याकडून कसा काढू? आणि काकांचा आत्ताच मेसेज आला. नाव कमी करा म्हणतात. एक तास तरी येऊन बघा, एवढं मी त्यांना सांगितलंय. पुढचं तुम्ही बघा."

पुढच्या तासाला मिस्त्री खुर्चीत बसून होते. चेहरा पुरता चौकटीत, पाय जमिनीला. एक गुडघा तेवढा टेबलाखाली नाचत होता. काकांची चौकट काळी होती. मिस्त्रींनी हात वर केला.

"त्या दिवशीचा फोटो मी काढला. खालचं मीच लिहिलं. काकांना विचारलं नव्हतं. चुकलं माझं, काका. आणि ज्यांच्याकडे तो असेल त्यांनी कृपा करून काढून टाका. सगळीकडून."

कुणाचा तरी माईक उघडा होता. त्या घरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काळी चौकट तशीच. 

"ऐकलं," अखेर काळी चौकट म्हणाली. "मॅडम, शिकवा पुढे."

मॅडम शिकवू लागल्या. तास निम्मा झाल्यावर काकांची चौकट उजळली. तिच्यात काका नव्हते. छत होतं, आणि मधोमध फिरणारा पंखा.

मिस्त्री अर्थिंग सोडून त्या पंख्याकडेच बघत राहिले. त्याच्याखाली काका जागे आहेत की झोपलेत, रागात आहेत की निवळलेत, काही कळायला मार्ग नव्हता. ते आपल्याला कळायला हवं, असं तरी कुठे आहे? गुडघा नाचतच होता.

"बाबा," मागून लेक म्हणाली, "पाठ."

मिस्त्री ताठ बसले.