विहिरीकडचा गोल

आमच्या मैदानाला दोन गोल होते, एक बाभळीकडचा आणि एक विहिरीकडचा. बाभळीकडच्या गोलाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथे चेंडू काट्यांत जायचा, पंक्चर व्हायचा आणि नाना, म्हणजे माझे वडील, त्या झाडाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. विहिरीकडच्या गोलामागे मात्र धावत्या माणसाच्या चार ढांगांवर विहीर होती. जमिनीच्या पातळीत उघडं तोंड, आत काळ्या दगडाचं बांधकाम, खूप खाली हिरवट पाणी. कठडा नव्हता. पाहुणा संघ आला की आधी विहीर बघायचा आणि मग आमच्याकडे बघायचा.

नाशिकच्या कडेला मळ्यांची आमची वस्ती. भाजी, झेंडू, शेवंती, गुलाब. असल्या वस्तीत फुटबॉल कुठून आला? नाना लग्नाआधी सायकलवर भाजी घेऊन देवळाली कॅम्पला जायचे. तिथे जवान खेळायचे आणि हे रिकाम्या पाट्या घेऊन कडेला बघत बसायचे. एक दिवस पाट्यांबरोबर एक फाटका चेंडू घरी आला, आणि आमच्या घरात पुढची पंचवीस वर्षं काय बोललं जाणार ते ठरून गेलं. सपाट जागा म्हणून विहिरीजवळचं पडीक तेवढंच मिळालं. बाकी सगळीकडे पीक उभं होतं, आणि पिकात पाय घालायची कुणाची छाती नव्हती.

विहिरीवर तोडगा लोकांनीच काढला होता. रविवारी सकाळी बाजार उरकायचा, दुपारी भाकरी खायची आणि मॅचला यायचं. आलेला निम्मा माणूस विहिरीसमोर ओळ धरायचा, खांद्याला खांदा लावून, शेजाऱ्याच्या कमरेला हात घालून. भाजीच्या कोवळ्या रोपांना वारा लागू नये म्हणून तुराट्यांची ताटी उभी करतात, तिच्यावरून त्या ओळीलाही आम्ही ताटीच म्हणायचो. "ताटीत ये गं," अशी हाक आली की बायकासुद्धा पदर खोचून उभ्या राहायच्या. माणसांना ओरडायला जागा मिळायची आणि चेंडू विहिरीत जायचा नाही. एका दगडात दोन पक्षी.

माझा धाकटा भाऊ या ताटीसमोरच मोठा झाला. पळण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. रेषेबाहेर निघालेला चेंडू शेवटच्या क्षणी गाठून गोलासमोर फिरवायचा, ही त्याची खासियत. त्यानंतर त्याला आवरायचं काम ताटीचं. तो सुसाट येऊन माणसांवर आदळायचा, दोन-चार चुलते मागे कलायचे, कुणी त्याला उचलून धरायचं, पाठीत एक धपाटा घालून परत मैदानात ढकलायचं. हसण्याचा असा कल्लोळ व्हायचा की पाहुण्यांनाही हसू यायचं. त्याला वेगात पळायला सगळ्यांनी शिकवलं. थांबायला कुणीच शिकवलं नाही, कारण तशी गरजच नव्हती.

आई प्रत्येक मॅचला यायची. ताटीच्या अगदी मध्यावर तिची जागा ठरलेली. ती ओरडायची नाही, टाळ्याही वाजवायची नाही. गोल झाला की मला विचारायची, "आपला का त्यांचा?" नाना मात्र जगाला सांगत फिरायचे, की आमच्या संघाची सगळ्यात जुनी आणि पक्की प्रेक्षक म्हणजे आमची कारभारीण.

ते दिवस खरंच चांगले होते, आणि मी ते नाकारत नाही. विंचूरच्या पोरांना हरवलं त्या संध्याकाळी आमच्या वस्तीचे दोन टेम्पो माणसं भरून शहरात गेले आणि द्वारकेच्या चौकाला घिरट्या घालत राहिले. झेंडूच्या माळा टेम्पोला, झेंडूच्या माळा पोरांना, एक माळ शिट्टी वाजवून दमलेल्या हवालदाराला. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि मैत्रिणींनी बघितलं तर काय, या लाजेने टेम्पोत खाली बसले होते. तरी घसा माझाही बसला होता.

मग केबल आली. केबलवर परदेशातला फुटबॉल आला, आणि आमच्या ज्या शहाण्यांना आतापर्यंत ऑफसाइड म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं, ते आमच्या पोरांना नावं ठेवायला लागले. "याला पास म्हणतात व्हय? काल टीव्हीवर बघितला नाय का?" ताटीत उभं राहून आपल्याच पोरांना हसायचं, हे नवीन होतं. नानांना राग यायचा. मला तेव्हा एवढं वाईट वाटलं नाही. टोमणे मारणारा माणूस निदान जागेवर तरी असतो.

पुढे टोमणेही थांबले. पोरं सातपूरच्या, अंबडच्या कारखान्यांत लागली, रविवारची सुट्टी कधी मिळायची, कधी नाही. मिळाली तरी झोपायची. चैत्रात माणसं कमी दिसली तेव्हा नाना म्हणाले, लोक चालत वणीला गेलेत, गडावर. चैत्र संपला. वैशाखात लग्नं होती. ज्येष्ठात पेरणीची गडबड. नानांजवळ प्रत्येक महिन्याचं कारण तयार असायचं आणि ते इतक्या विश्वासाने सांगायचे, की मी वाद घालायचं सोडून दिलं. कुणाचं भांडण झालं नव्हतं, कुणी रुसलं नव्हतं. लोकांचं मन त्यातून उडालं होतं, बस. रस्त्यात भेटले की विचारायचे, "काय, जिंकलं का आपलं?" आणि उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत.

पहिल्यांदा चेंडू विहिरीत गेला तो दिवस मला आठवतो. तो फार जोरात आला नव्हता. घरंगळत, रमत आला, दोन माणसांच्या मधून गेला आणि दिसेनासा झाला. थोडा वेळ काहीच नाही. मग खालून आवाज आला, धप्प. इतकी वर्षं आम्ही त्या विहिरीजवळ खेळत होतो आणि तो आवाज कुणी ऐकलेला नव्हता. खेळ थांबला. माझ्या शेजारचे चुलते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पानी लय खाली गेलंय." कुणीतरी दोर लावून चेंडू काढला आणि मॅच पुढे सुरू झाली. त्यानंतर तो आवाज दर दोन-तीन मॅचना यायला लागला, आणि लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं. मला वाटायचं. भावाच्या पायात चेंडू आला की मी मागे वळून विहिरीकडे बघायचे.

तो पूर्वीसारखाच पळत होता. वीस-बावीसचा झाला होता, अंगाने भरला होता. पूर्वी त्याला चार माणसं झेलायची, आता एखादा म्हातारा आणि एखादी बाई मिळून झेलायचे, तेही मागे सरकत सरकत.

आईने एकदा विहिरीसमोर दोन मेखा ठोकून त्यांना जुनी लुगडी आडवी बांधली. नानांनी मॅचच्या आधी स्वतःच्या हातांनी ती सोडली. "संघ हाय हा, बाळंतिणीची खोली नाय," म्हणाले. दोन-चार जण हसले. आईने लुगडी घडी करून काखेत मारली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

त्याच मॅचमध्ये विंचूरचा एक पोरगा आमच्या भावाला अडवताना तोल जाऊन ताटीतल्या फटीत घुसला. बाहेरचा पोरगा, त्याला काय माहीत कुठे किती जागा आहे. आईने त्याचा शर्ट धरला. शर्ट टर्रकन फाटला, पण तेवढ्यात मी त्याचा दंड पकडला होता. त्याचा एक पाय विहिरीच्या काठावरून खाली लोंबत होता. सुटलेली माती खाली पाण्यात पडत राहिली. त्यांच्या संघाबरोबर आलेला मोठा माणूस नानांना म्हणाला, "काका, कठडा बांधून घ्या. जीव जाईल कुणाचा तरी."

त्या संध्याकाळी भाकरी थापताना आईने नानांपुढे विषय काढला. तिने तेच सांगितलं, कठडा बांधा. दगड मळ्यात होते, गवंडी चुलत्यांपैकीच एक होता. दोन दिवसांचं काम. नाना भाकरी मोडत म्हणाले, "बांधायला काय लागतं? पन कठडा बांधला की लोक म्हनतील, ह्यांना आता ताटीला मानसं मिळत नाय. मिळतात. ह्या रविवारी बघ तू."

मी म्हटलं, "नाना, तुम्हाला माणूस जायला हवाय का कठडा बांधायला?"

"उचलली जीभ अन् लावली टाळ्याला," ते म्हणाले आणि ताट सरकवून उठले. मी शिकलेली, मी तोंडाळ, माझं लग्न कसं होणार, हा नेहमीचा विषय मग आईला ऐकावा लागला. पालथ्या घड्यावर पाणी.

आई भावाकडेही गेली. "नको जाऊ रे त्या रेषेपर्यंत. सोडून दे एखादा चेंडू." तो हसला. तो वाईट नव्हता, पण पोर होता. "तू हाय ना तिथं," म्हणाला.

पुढच्या रविवारी नाना सकाळपासून घरोघर फिरले. हो म्हणाले सगळेच. दुपारी ताटीत आम्ही पाच जण होतो. नाना, आई, मी, एक चुलते आणि पलीकडच्या मळ्यातली एक म्हातारी, जिला घरात करमत नव्हतं. एकमेकांचे हात ताणून धरले तरी विहिरीचं तोंड पुरतं झाकलं जात नव्हतं. आभाळ भरून आलं होतं, उकडत होतं, आणि मैदानावर इतकी शांतता होती की पोरांचे श्वास ऐकू येत होते. नाना एकटेच ओरडत होते. एकट्याचं ओरडणं ऐकवत नाही.

उत्तरार्धात आमचा संघ विहिरीकडच्या गोलावर चढाई करत होता. बरोबरी होती. कुणीतरी लांब चेंडू टाकला, चुकलेला, सरळ आमच्या दिशेने येणारा, आणि भाऊ त्याच्यामागे निघाला. मान खाली, हात मुठी करून, नेहमीसारखा. नाना ओरडले, "ये! ये! हाय आम्ही!" माझ्या हातातला आईचा हात घट्ट झाला. तिने पाय रोवले. तो बरोबर तिच्याच समोर येत होता, आणि तिच्या पाठीमागे काही नव्हतं. मी डोळे मिटायला हवे होते, पण मिटता आले नाहीत. मला वाटलं, आता दोघंही जाणार.

रेषेच्या अलीकडे त्याने मान वर केली आणि स्वतःला जमिनीवर झोकून दिलं. धूळ उडाली. घसरत घसरत तो आमच्यापर्यंत आला, त्याची टाच आईच्या पावलाला लागली आणि तिथेच थांबली. चेंडू आमच्या पायांमधून मागे गेला. धप्प.

गुडघे, कोपर सोलून निघाले होते. नाना त्याच्यावर वाकले, पण त्याला उठवायला नाही. "अरे, का पडलास? गोल होता तो! आम्ही उभे होतो ना इथं?"

भावाला दम लागला होता. तो आईकडे बघत होता. "तुम्ही उभे होते म्हनूनच पडलो, नाना."

नानांना ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ते आईकडे वळले. आयुष्यात एकही मॅच न चुकवलेल्या माणसाकडे वळावं तसे. "तू सांग ह्याला. तू तर पहिल्यापासून बघत आलीस."

आईने माझा हात सोडला. तिचा आवाज अगदी साधा होता. "मी काय सांगू? मला त्या खेळातलं अजून काय बी कळत नाय. लोक बी कधी ना कधी जातील हे दिसत होतं. पोरगं पळायला लागलं तसं मी विहिरीम्होरं येऊन उभी राहते. तेवढ्यासाठीच येते मी."

पावसाचे टपोरे थेंब धुळीत पडायला लागले होते. पंचाने शिट्टी वाजवली, पोरं दुसरा चेंडू मागत होती. नानांनी चुलत्यांच्या हातातला हात काढून घेतला, पायातली चप्पल नीट केली आणि ताटीतून बाहेर पडून ते घराकडे चालू लागले. मॅच अजून संपली नव्हती.