पंपघराच्या भिंतीवरच्या पट्ट्या

पंपवाल्याला मी चांगला ओळखत होतो असं लोक धरून चालतात. खरं तर आमचं बोलणं बादली भरेपर्यंतच. पण लिहायला दुसरं कोणी नाही.

आपल्या सुट्ट्या घालवून, बिनपगारी आलेल्या तीन इंजिनियरांनी गावात खोल बोअर घेतली. त्याआधी सगळे तळ्याचं पाणी प्यायचो. त्याच पाण्याने पंपवाल्याची थोरली मुलगी जुलाबांनी दोन दिवसांत गेली होती. म्हणून पंपघराची किल्ली त्याने हट्टाने मागून घेतली. जाताना त्या तिघांतल्या इंजिनियरबाईंनी त्याला कागदी पट्ट्यांचा डबा दिला. दर महिन्याला बाटलीत पाणी घ्यायचं, पूड टाकायची, बाटलीच्या तोंडाशी पट्टी लावायची. पांढरी राहिली तर ठीक. रंग चढला तर जमिनीतलं विष पाण्यात उतरतंय. पंप बंद करून फोन करायचा.

तो प्रत्येक पट्टी तारीख घालून भिंतीवर ओळीने चिकटवायचा. रोजचा पहिला पेला स्वतः प्यायचा. "मी आडवा झालो तर तुम्ही पिऊ नका," म्हणून हसायचा.

चौथ्या वर्षी नव्या पट्ट्या पिवळसर उठू लागल्या. सातव्या वर्षी चहासारख्या.

"अरे, हे काय?" मी विचारलं.

"डबा बघा की मास्तर. मुदत कधीच संपलीय. शिळ्या पट्ट्या, शिळा रंग."

"मग फोन कर."

"केला की म्हणतील बंद करा. बायका पुन्हा तळ्यावर जातील. परत कुणाची पोर घालवू?" तो दुसरीकडे बघू लागला. "नवा डबा मागवतोच आहे."

तारीख खरंच उलटली होती. मी गप्प बसलो. ते मला जमतं.

त्याच्या तळहातांवर मोहरीएवढे कडक दाणे उठले. "पाना फिरवून पडलेले घट्टे," म्हणाला. दहाव्या वर्षी मुलगा त्याला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला, तिथून पंपवाला जिवंत परत आलाच नाही.

मग मी फोन करून पट्ट्यांचा रंग आणि डब्यावरची तारीख सांगितली. इंजिनियरबाईंनी तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाल्या, "काका, मुदत संपलेली पट्टी फिकी पडते. गडद होत नाही."

तो शहराला निघाला त्या सकाळी नळाशी आम्ही दोघंच होतो.

"मास्तर, भरली बादली."

"हो रे, उचलतो."

"सावकाश. सांडू नका, गोड पाणी आहे."