रिपोर्ट घरी आहे

"मुलीला हा आजार जन्मापासून आहे," नांदेडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. रेवती तेव्हा चार वर्षांची होती. सारखे जुलाब, कानातून पू, वजन वाढेना, म्हणून एचआयव्हीची तपासणी केली होती. "गरोदरपणात आईची तपासणी झाली नव्हती का?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी फरशीकडे.

आम्ही राहायला लातूरला, पण औषधाला नांदेड धरलं. मी शिक्षक. इथल्या रांगेत एखादा पालक भेटला असता.

दोन वर्षांनी बायको टीबीनं गेली. माझी आई आल्या-गेल्यासमोर म्हणायची, "पोरीला लावून दिलं आन् आपण सुटली." मी समोर भाकरी मोडत असायचो. मोडत राहायचो. रेवती ऐकत असायची.

रेवती आता पंधराची आहे. व्हायरल लोड म्हणजे रक्तात फिरणाऱ्या विषाणूचं प्रमाण. तिच्या रिपोर्टवर बरीच वर्षं 'नॉट डिटेक्टेड' येतं, म्हणजे विषाणू सापडला नाही. तिनं एकदा विचारलं, "मग गेला का मॅडम?"

"सापडत नाही म्हणजे गेला असं नाही बेटा. काही पेशींत तो झोपून असतो. त्याला रिझर्व्हॉयर म्हणतात, म्हणजे लपलेला साठा. गोळ्या थांबल्या की तिथून उठतो."

जन्मापासून आजार असलेल्या मुलांमधला हा साठा मोजायचं संशोधन मॅडमच्या दवाखान्यात सुरू होतं. आम्ही दोघांनीही होकार दिला. रक्त घेणारा एकामागून एक नळ्या भरायला लागला तशी रेवती म्हणाली, "दादा, जरा मला बी ठिवा की." तोही हसला.

परतीच्या बसमध्ये तिचे बेत सुरू. साठा लहान निघाला तर गोळ्या बंद होतील. नर्सिंगच्या हॉस्टेलला डबी लपवावी लागणार नाही. मी हो हो म्हणत होतो.

कित्येक महिन्यांनी बोलावणं आलं. मॅडम आडवळणानं बोलल्या नाहीत. "साठा मोठा आहे. गोळ्या चालू आहेत तोवर तब्येतीची काळजी नाही. पण बंद करायचा विचार सोडून द्यायचा. जन्मल्याबरोबर औषध मिळालेल्या बाळांचा साठा बहुतेक लहान राहतो. तुला चार वर्षं उशीर झाला."

रेवतीनं मान हलवली. बसस्टँडवर बाकावर बसल्यावर म्हणाली, "मम्मीवर मी लई चिडायचे पप्पा. पण तिला तरी कुठं माहीत होतं?"

तिथं माझ्यानं राहवलं नाही.

तू पोटात असताना मी किनवटला नोकरीवर होतो, मी सांगितलं. ताप हटेना, तपासणीत हेच निघालं. लग्नाआधीची माझी चूक. 'बायकोला घेऊन या,' असं तिथं दोनदा बजावलं होतं. मी रिपोर्ट ट्रंकेत तळाला घातला. बाळंतपणाला रेणापूरच्या एका दवाखान्यात नेलं तेव्हा खिडकीवर सिस्टरनं विचारलं, "एचआयव्हीची तपासणी?" मी म्हणालो, "झालीय. रिपोर्ट घरी आहे."

रिपोर्ट घरीच होता. माझा.

तिनं हातातली फाईल बाकावर ठेवली. मग म्हणाली, "तवाच औषध दिलं असतं तर?"

"कदाचित तुला लागलंच नसतं."

"आजी मम्मीला एवढं बोलायची. तुमी तिथंच बसलेले असायचे."

बस लागली. ती पुढं बायकांच्या सीटवर जाऊन बसली.

तोवर रोज सकाळी आठला आम्ही दोघं एकाच तांब्यातल्या पाण्यानं आपापल्या गोळ्या घ्यायचो. आता ती डबी घेऊन आतल्या खोलीत जाते. एकही चुकवत नाही. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे, पण हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

तुमच्या घरात कुणी गरोदर असेल आणि खिडकीवर तुम्हाला हाच प्रश्न विचारला, तर खरं सांगा. आई आणि बाळ, दोघांसाठी औषध आहे. तेव्हाही होतं.

पुढच्या तारखेआधी रेवती म्हणाली, "नांदेड नको. लातूरलाच नाव लावा. आता कुणापासून लपवायचं?" तिथल्या खिडकीवर बाईंनी जुने रिपोर्ट मागितले. ट्रंकेतला मी सोबत नेला होता. तिच्या फायलीत सगळ्यात वर ठेवला.

रेवती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिनं पाहिलं की नाही, मला कळलं नाही.