जुनी लेन्स आणि धवलारीण

फुल फ्रेम कॅमेरा घ्यायचं माझ्या डोक्यात तीन वर्षं होतं आणि नवऱ्याच्या डोक्यात एक दिवसही नव्हतं. मी जुईनगरला राहते, लग्नांचे आणि बारशांचे फोटो काढते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवरा कांदा-बटाटा मार्केटात गाळ्यावर असतो आणि त्याच्या मते फोटो म्हणजे फोटो, त्यात फुल आणि हाफ असं काही नसतं. शेवटी एकदाची नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घरी आली, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, की जुनी लेन्स चालेल ना? मी म्हटलं, कंपनी तीच, खाच तीच, न चालायला काय झालं. हे मी इतक्या रुबाबात सांगितलं की मलाही ते खरं वाटलं.

लेन्स बसली, यात खोटं काही नाही. टक् आवाज करून बसली. पण ज्याच्यावर चित्र उमटतं तो सेन्सर जुन्या कॅमेऱ्यात लहान होता आणि नव्यात त्याच्या दुपटीहून मोठा. लेन्स बिचारी लहान सेन्सरपुरताच उजेड पाडायला बनलेली. सिंगल पलंगाची चादर डबल पलंगावर घातली की कोपरे उघडे राहतात, तशातला प्रकार. कॅमेरा मात्र माझ्याहून शहाणा निघाला. त्याने जुनी लेन्स ओळखली आणि आपणहून मधलाच भाग घ्यायला लागला. चोवीस मेगापिक्सेलचे हातात दहाच.

हे मी नवऱ्याला सांगितलं, तिथे घात झाला. तो चहा पिता पिता म्हणाला, "पूर्ण पोत्याचे पैसे देऊन अर्धं पोतं कोण उचलून आणतं गं?"

मार्केटातल्या माणसाशी लग्न केलं की असलं बोलणं पटायला लागतं. मी मेनूत शिरले आणि ती आपोआप कातरायची सोय बंद करून टाकली. मग बाल्कनीतल्या तुळशीवर आणि नवऱ्याच्या नाकावर झूम करून पाहिलं. कोपरे स्वच्छ. झूम केलं की या लेन्सचा उजेड पसरतो आणि काळे कोपरे लपतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी खूश होते.

पुढच्याच आठवड्यात घणसोली गावात लग्न होतं. नवरीच्या आईने सकाळीच मला बाजूला घेऊन सांगितलं, की स्टेजवरचे फोटो कमी निघाले तरी चालतील, पण धवलारीण आणि माझी पोरगी एका फोटोत पाहिजेत. धवलारीण म्हणजे इथल्या मूळ गावकऱ्यांच्या लग्नात एकेका विधीची गाणी म्हणणारी बाई. ती गायल्याशिवाय तिथे हळदसुद्धा पुढे सरकत नाही. ही धवलारीण आजी नवरीच्या आईच्या लग्नात गायली होती, त्याआधी तिच्या सासूच्याही. आजीमागे ही गाणी शिकलेलं कोणी नाही. आणि एवढ्या लग्नांत गाऊन तिचा धड असा एकही फोटो नाही, कारण फोटोवाले नवरीवर कॅमेरा रोखून बसतात आणि ही कडेला.

मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक काढला होता. मध्ये नवरी, भोवती बायका, आणि अगदी टोकाला, खांबाला टेकून आजी. चौकासमोर कोणी उभं राहायचं नाही, म्हणून मी मागे सरकले, लेन्स होती तेवढी वाइड केली आणि ती गात होती तोवर काढत राहिले. स्क्रीनवर कोपरे गडद दिसत होते. मला वाटलं, मांडवाची सावली आहे. गाणं संपलं, आजी जेवायला गेली, मी स्टेजकडे पळाले.

घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिलं. प्रत्येक फोटो बोगद्यातून काढल्यासारखा. मध्ये लख्ख गोल, चारी कोपरे काळे, आणि त्यातल्या एका कोपऱ्यात आजी बुडालेली. मांडीवरचा एक हात तेवढा दिसत होता. उजळून पाहिलं, तर काळ्याचं राखाडी झालं. कोपरे कापावेत, तर हातही जात होता. नवरी तोवर सासरी पोहोचली होती. पुन्हा तो चौक कोण मांडणार? मी रडले, आणि नवऱ्याने पोत्याचं नाव काढलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

चार दिवस टाळाटाळ करून शेवटी लॅपटॉप घेऊन घणसोलीला गेले. सोबत वडिलांच्या, त्याच कंपनीच्या रोलवाल्या कॅमेऱ्याची पन्नास एमएमची लेन्स नेली. ती माझ्या वयाची, पण रोल आणि फुल फ्रेम एकाच मापाचे, त्यामुळे ती नव्या कॅमेऱ्याला तंतोतंत चालते. घरात इतकी वर्षं पडून होती आणि मला सुचली नव्हती. आजीच्या ओट्यावर बसून, नवरीच्या आईसमोर, मी जे झालं ते सगळं कबूल केलं. मग आजीचा एक फोटो काढला. सुरकुती न् सुरकुती आली. दोघींना आवडला.

मग आजी म्हणाली, तो बिघडलेला पण दाखव. मी लाजत उघडला. तिने चष्मा लावला आणि लॅपटॉप जवळ ओढून घेतला. मी पुन्हा माफी मागणार, तेवढ्यात म्हणाली, "पोरी, सगल्यांची तोंडा माझेकरंच हायेत."

मी चार दिवस फक्त तो काळा कोपरा पाहिला होता. आता बाकीचा फोटो पाहिला. नवरी, तिची आई, आत्या, मागच्या पोरी, कोणी म्हणता कोणी कॅमेऱ्याकडे पाहत नव्हतं. सगळ्या त्या कोपऱ्याकडे वळलेल्या. नवरीचे ओठ किंचित उघडे होते, ती मागोमाग म्हणत असावी.

ओट्यावरचा फोटो आजीने नातवाच्या मोबाइलवर ठेवायला सांगितला. नवरीच्या आईने मोठा करून मागितला तो काळ्या कोपऱ्याचाच. माझं नाव खराब होईल म्हणून मी नको म्हणत होते, तिने ऐकलं नाही. आता तो त्यांच्या हॉलमध्ये आहे. येणारा-जाणारा विचारतो, की हा कोपरा असा काळा का? ती चहा ठेवता ठेवता सांगते, "तिथं आमची धवलारीन बसलीय."