तीन दिवसांची बहीण

आक्का गेली तेव्हा मी गंगाखेडच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. शिकवणं उर्दूतून. घरी आम्ही दोघंच. ती माझी थोरली बहीण. पालमला दिलेली, आणि वर्षाच्या आत नवरा गेल्यावर परत आलेली. आई-वडलांच्या माघारी तिनंच मला वाढवलं, परभणीला शिकायला धाडलं.

तालुक्याचे सगळे कागद तेव्हा उर्दूत येत. खेड्यातल्या माणसाला त्यातलं अक्षर लागत नसे. शाळा सुटल्यावर कुणी कागद घेऊन आला तर तो वाचून द्यावा, उत्तर लिहून द्यावं, हे मी आपणहून सुरू केलं. कुणाकडून काही घ्यायचं नाही, हेही मीच ठरवलं. त्यात मला समाधान होतं, ते खोटं नव्हतं. पण शाळेच्या कामाला निदान घंटा होती. या कामाला नव्हती. लोक जेवताना येत, अंघोळीच्या वेळी येत, तापात पडलो तर उशाशी येऊन बसत आणि आधी तब्येत विचारून मग कागद काढत.

त्यावर आक्काचा उपाय साधा होता. मी ताटावर बसलो की ती सूप घेऊन उंबऱ्याशी डाळ निवडायला बसे. चांगले पाय पसरून. दार तिनं भरून जाई. बाई मधे बसलेली असताना तिला ओलांडून कोण आत येणार?

"मास्तर हायत का?"

"हायत. जेवायलेत. वट्यावर बसा."

"जरासंच काम व्हतं, आक्का."

"डाळबी जराशीच हाय. निवडून होऊ द्या."

पुष्कळदा डाळ आधीच निवडून झालेली असे. ती तीच पुन्हा सुपात पसरी.

उन्हाळ्यात ती साध्या तापानं गेली. गावच्या नदीवर, जिला आम्ही गंगाच म्हणतो, तिच्या काठी सगळं मीच केलं. मग लोकांनी मला समजावलं, की लग्न झालेली बहीण सासरच्या गोत्राची. तिचं सुतक भावाला तीनच दिवस. दहा दिवस पाळायचे पालमला. ज्या घरानं ती जिवंत असताना कधी एक निरोप धाडला नाही, त्या घरात दहा दिवस फोडणी पडली नाही म्हणे.

शिवाशिवीवर माझा विश्वास उरला नव्हता. तरी मला ते दहा दिवस हवे होते. दहा दिवस कुणी अंगणात येणार नाही, काही मागणार नाही, आणि मला तिच्यावाचून घर कसं असतं ते नीट बघता येईल, एवढंच.

हेडमास्तरांनी "बहीणच ना?" असं विचारून तीन दिवसांची रजा दिली. ते मी समजू शकलो. पगाराचं काम होतं. पण दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खेड्यातले एक म्हातारे शेतकरी, ज्यांचे कागद मी वर्षानुवर्षं वाचत आलो, अंगणात येऊन उभे राहिले. हात लांब करून त्यांनी कागद माझ्यापुढं धरला.

"शिवू नका मास्तर. म्या लांबून धरतो, तुमी वाचा. वाचायला कुठं शिवावं लागतंय?"

दहा दिवसांनी या, म्हणून मी त्यांना परत लावलं.

चौथ्या दिवशी शाळेतून आलो, तर ते अंगणात हजर. चेहरा खुललेला.

"भटजीला इचारून आलो. तीनच दिवस हायत. सुटलं तुमचं!"

मला आनंद होईल अशी त्यांची खात्री होती.

"मी दहा पाळायलोय," मी म्हणालो.

"आसं कसं? बहिनीचं दहा कुनी पाळतं का? का फुकटचं काम हाय म्हून टाळायलाव?"

डोक्यात सणक गेली. इतक्या वर्षांत एकदाही नाही म्हटलं नव्हतं, त्याचं हे फळ. तोंडाशी फार वाईट शब्द आले होते. ते बोलवेनात, म्हणून आत गेलो. खुंटीला सूप होतं. डब्यात तिनं शेवटची निवडलेली तुरीची डाळ होती. ती सुपात घेतली आणि दारात येऊन बसलो, पाय पसरून.

म्हातारे हसले. "ह्ये काय बायकांचं काम काढलं?"

"वट्यावर बसा. डाळ निवडून होऊ द्या."

त्यांचं हसणं थांबलं. माझ्याकडे, मग सुपाकडे त्यांनी पाहिलं आणि ओट्याच्या कडेला बसले, आक्का बसवायची तिथंच. मी निवडत राहिलो. ऊन भिंतीवर चढलं आणि भिंतीवरूनही गेलं.

"मास्तर," शेवटी ते म्हणाले, "खडा तर एकबी दिसंना."

"मला दिसतो."

"दिस बुडायलाय."

"मग उद्या या."

ते उठले, कागद मुंडाशात खोचला. दोन पावलं जाऊन वळले.

"उद्याबी हीच डाळ का?"

"हीच."