सांबऱ्याच्या धावपट्टीतला खडा

वेंगुर्ल्याहून निघताना आई एवढेच म्हणाली, "वासूक घेऊन ये."

वासू माझा धाकटा भाऊ; मी गावातला शाळामास्तर. लढाईचे दिवस होते. बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ बांधला जात होता आणि आमच्या किनाऱ्यावरची पुष्कळ माणसे तिथे खडी फोडायला गेली होती. वासू त्यांतलाच. तापाने तो तिकडेच गेला. तार पोचेपर्यंत त्याला अग्नीही दिला गेला होता. आता आणायचा होता तो जीवखडा: चितेपाशी उचललेला दगड, ज्यात गेलेल्याचा जीव दहाव्यापर्यंत वस्तीला असतो असे आपण मानतो. दहावा समुद्रावर व्हावा, ही आईची इच्छा.

पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती. आंबोलीच्या घाटात तिने दम टाकला आणि आम्हाला उतरून चालावे लागले. एका म्हाताऱ्याने तिच्या पाठीवर थाप मारली, "चल गे बाय, तुझां वझां आमी व्हावतो!" सगळे हसले. मीही हसलो, आणि मग कशासाठी निघालो आहे ते आठवले.

बेळगावची हवा कोरडी, गार. टांगेवाला बोलका होता. "कोकणातनं आलासा व्हय? तुमची माणसं लई हायत तितं. भात मिळंना म्हणून रडत्यात."

जोंधळ्याची शेते संपली आणि एकाएकी झाडेच नाहीशी झाली. ओहोटीला पुळण उघडी पडावी तशी सपाट, तांबडी जमीन लांबवर पसरली होती. तारेच्या कुंपणाशी पहारेकऱ्याने मला अडवले. पण कामकऱ्यांच्या झोपड्या बाहेरच होत्या.

मुकादमाला सगळे आप्पा म्हणत. अग्नी त्यानेच दिला होता. त्याच्या बायकोने, आक्काने, भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवली. "खावा आदी, मास्तर."

मी जीवखडा मागितला. आप्पा बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने फडक्यात गुंडाळलेला एक दगड घेऊन आला. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"अवो," आक्का चुलीपासून म्हणाली, "खोटं नको. मेलेल्या माणसाचं हाय."

आप्पा मटकन खाली बसला. "अण्णा, जीवखडा घरात आणायचा न्हाय, म्हणून भायेर बाभळीखाली ठेवलतो. लॉरीनं नेमकी त्येच्यावरच खडी वतली. सकाळी बायकांनी पाट्या भरून समदी पट्टीवर नेली. वरनं रोलर फिरला. लई हुडकलो, अण्णा."

हातातला घास तसाच राहिला. "आईला काय सांगू?" मी म्हणालो.

खडा हरवला तर दुसरा घेता येतो, हे मी पोथीत वाचले होते. पण कुठला घ्यायचा? शेवटी विचारले, "वासूने फोडलेली खडी कुठे उरली आहे का?"

"हाय की," आक्का म्हणाली. "त्येचा शेवटचा ढीग तसाच हाय, कुणी हात लावला न्हाय. तापातबी फोडत हुता. म्हणायचा, आईला हितं आणतो आन् इमानात बसवून गावाला न्हेतो. मी म्हणायची, उतरणार कुठं रं, माडावर?"

ती हसता हसता पदर डोळ्यांना लावू लागली. ढिगातला एक खडा मी उचलला. कडा अजून धारदार होत्या.

दहाव्याला, वेंगुर्ल्याच्या वाळूत, आईला सारे खरे सांगितले. तिने खडा तळहातावर घेतला, त्याची धार अंगठ्याने चाचपली.

"म्हणजे एक थंय आणि एक हंय?" ती म्हणाली. "झील माझो, वासू, कधी एका जाग्यार बसलो?" आणि तिने मला पाण्याकडे जायची खूण केली.

पुढे सांबऱ्याच्या त्या पट्टीवरून उठलेली विमाने कधीमधी आमच्या माडांवरून समुद्राकडे जाऊ लागली. शेजारीपाजारी कानांवर हात ठेवत. आई मात्र हातातले काम टाकून अंगणात येई आणि विमान दिसेनासे होईपर्यंत उभी राही.

"वासूच्या वरसून इलां," म्हणे, आणि आत जाई.